खुर्ची आहे तिथंच

१४ ऑक्टोबर

डेल्मरचा अर्ज फेटाळला. सकाळची शाळेची फेरी संपवून बस अंगणात लावली, टपालपेटी उघडली, तर कोर्टाचं पाकीट. उभ्याउभ्या वाचलं, मग बसच्या पायरीवर बसून पुन्हा वाचलं. न्यायाधीशांनी आम्हाला एकदाही समोर न बोलावता ठरवून टाकलं की नवरा-बायको दोघंही खोटं बोलतायत. शब्द सभ्य आहेत, अर्थ तोच.

सगळं एकदा लिहून काढते, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर राहील. डेल्मरनं गुन्हा केला होता, त्यात वाद नाही. नशेच्या गोळ्यांनी भरलेली व्हॅन त्यानं फ्लोरिडातून आमच्या डोंगरापर्यंत आणली. एकदा नाही, अनेकदा. ज्यांच्यासाठी आणली ते शहाणे गुन्हा कबूल करून केव्हाच घरी आले. हा खटला लढला, हरला आणि बावीस वर्षं घेऊन बसला. त्यातली बारा गेली. मागच्या वर्षी एका मयताच्या जेवणात, त्याच खटल्यातल्या दुसऱ्या आरोपीचा वकील बटाट्याचं सॅलड वाढून घेता घेता मला म्हणाला, "तुमच्या नवऱ्यानं ती आठ वर्षं का घेतली नाहीत हो?" मी म्हटलं, कुठली आठ? तेव्हा कळलं की गुन्हा कबूल केला तर आठच वर्षांची शिक्षा, असं सरकारनं डेल्मरलाही देऊ केलं होतं. आमचा वकील प्रुइट याला तसं सांगितलं होतं. प्रुइटनं ते डेल्मरपर्यंत पोचवलंच नाही. प्रुइट आता देवाघरी आहे, जाब कुणाला विचारणार.

म्हणून अर्ज केला होता की ही शिक्षा रद्द करा, हुकलेली आठ वर्षं परत समोर ठेवा. मी बँकेतल्या नोटरीसमोर शपथपत्र केलं की डेल्मरला कळलं असतं तर त्यानं आठ घेतलीच असती. न्यायाधीश म्हणतात, हा माणूस शिक्षा ऐकेपर्यंत 'मी काही केलं नाही' म्हणत होता, तो कबुली कशी देणार? आणि पुरावा काय, तर बायकोचा शब्द.

संध्याकाळी डेल्मरचा फोन आला. नेहमीप्रमाणे आधी त्या यंत्रातल्या बाईनं बजावलं की हा फोन तुरुंगातून आहे आणि रेकॉर्ड होतोय. डेल्मर माझ्यापेक्षा शांत होता. म्हणाला, अपील करू, रिचमंडच्या वरच्या कोर्टात. मग म्हणाला, "बरं, मी घरी आलो. मागच्या दारानं. बूट काढले. खुर्ची?"

मी म्हटलं, "आहे तिथंच."

"मग बसलो," तो म्हणाला.

हा आमचा जुना खेळ. फोनच्या शेवटी तो घरी येतो, स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या निळ्या खुर्चीत बसतो आणि फोन कट होतो. एवढंच की ती खुर्ची तीन हिवाळ्यांमागे गेली. तिच्यात उंदरांनी संसार थाटला होता. मी ती चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात देऊन टाकली, आणि त्याच आठवड्यात फोनवर त्यानं विचारलं तेव्हा जिभेवर आलं ते बोलून गेले. एकदा म्हटलं ते म्हटलं. आता मागे कसं फिरायचं?

२७ ऑक्टोबर

भेटीला जाऊन आले. पारदर्शक पिशवीत सुटी नाणी, खाकी रंगाचं काही घालायचं नाही, आत जाताना एक मिठी, निघताना एक. नाणी टाकून यंत्रातून काढलेलं चिकन सँडविच आम्ही अर्धं अर्धं खाल्लं. डेल्मरला ते आवडतं. मला वाटतं बारा वर्षांत त्याची जीभ मेली.

अपिलाची सूचना त्यानं स्वतः लिहून काढलीय. तुरुंगात एक बरं आहे, कागद पहारेकऱ्याच्या हातात दिला की तो कोर्टात पोचला असं धरतात. पण अपील असं सरळ करता येत नाही म्हणे. आधी अपील करायची परवानगी मागायची, परवानगी का द्यावी ते सांगायचं, आणि ती मिळाली तर मग अपील. आमच्या शाळेत पोरांना मुतायला जायला याहून कमी लागतं, मी म्हटलं. डेल्मर इतका हसला की पहारेकऱ्यानं वळून पाहिलं.

खुर्चीचं आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. तिथलं बोलणं रेकॉर्ड होत नाही. पण तो इतका खुशीत होता, की राहू दिलं.

१८ जानेवारी

बर्फ. शाळा बंद, बस अंगणात पांढरी होऊन उभी. स्वयंपाकघराच्या भिंती हिरव्याच्या पिवळ्या केल्याला वर्ष झालं आणि आजही सकाळी आत आले की मला बरं वाटतं. हे डेल्मरला सांगितलेलं नाही. घर होतं तसंच आहे, एवढंच त्याला हवं असतं असं मला वाटतं.

मेजरचा आज वाढदिवस. कुत्र्याचा कसला वाढदिवस, असं डेल्मर म्हणेल, पण फोटो पाठवला की खूश होतो. मक्याच्या ब्रेडवर मेणबत्ती लावली, मेजरला खिडकीजवळच्या त्याच्या गोधडीवर बसवलं आणि दोन-तीन फोटो काढले. एक उद्या टपालात टाकते. दर महिन्याला मी कशाचा ना कशाचा फोटो पाठवते. बीटच्या लोणच्याच्या बरण्या, नवी किटली, पडदे. भिंतीला टेकून बसलेला मेजर तर नेहमीच.

९ मार्च

आज फोनवर अंगावर काटा आला. डेल्मर म्हणाला, "त्या स्वयंपाकघराला पिवळा रंग शोभून दिसेल. कधी लावायचा झाला तर." मी कसंबसं म्हटलं, बघू. एकतीस वर्षांचं लग्न म्हणजे काय ते असं. माझ्या मनातलं त्याला डोंगरापलीकडून कळतं.

पुढे म्हणाला, मेजरला खिडकीजवळ ऊन चांगलं मिळत असेल. मी म्हटलं, हो, खुर्चीशेजारीच पडलेला असतो. "खुर्ची पुसतेस ना?" "रोज," मी म्हटलं. देव मला माफ करो.

२६ मार्च

परवानगी मिळाली. रिचमंडच्या कोर्टानं लिहिलंय की या प्रश्नावर समंजस माणसांचं दुमत होऊ शकतं, तेव्हा अपील ऐकू. आणि वकीलही तेच देणार, फुकट. बसमध्ये पोरं चढताना मी हसत होते, तर पहिलीतली एक चिमुरडी म्हणाली, तुला काय झालंय? मी म्हटलं, समंजस माणसं भेटली.

५ एप्रिल

वकील घरी येऊन गेली. पेज कॅप्लिंगर. वयानं माझी लेक शोभेल, गाडीत बिस्किटांचा चुरा, बुटांना चिखल. मी बीन्स आणि मक्याचा ब्रेड वाढला, दोनदा घेतला तिनं. मला आवडली.

मी विचारलं, जिंकलो तर तो सुटणार का? ती म्हणाली, नाही. अपील जिंकलो तर एवढंच ठरेल की न्यायाधीशांनी तुम्हाला न ऐकता खोटं ठरवायला नको होतं. मग सुनावणी होईल, तुम्ही दोघं साक्षीला उभे राहाल, आणि ते ठरवतील तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही. "म्हणजे शेवटी सगळं तुमच्या शब्दावर आहे, मिसेस स्टिडम," ती म्हणाली. "फोनवर खटल्याबद्दल एक अक्षर बोलू नका. ते फोन सरकारी वकील मागवतात आणि ऐकतात."

मी चमचा खाली ठेवला. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, अजून ब्रेड घे.

तीन वर्षं मी सरकारच्या फितीवर खोटं बोलतेय. आठवड्यातून दोनदा.

१२ एप्रिल

उपाय सुचला होता. खोटं खरं करून टाकायचं. चर्चच्या बाजारातून ती खुर्ची इमोजीननं नेली होती, माझ्यासमोरच. तिच्याकडे गेले. तिचा नवरा हॉबर्ट त्याच खुर्चीत बसलेला, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून म्हणे तिथून उठतच नाही. उंदीर काढून, नवं कापड चढवून, आता ती तपकिरी आहे.

मी म्हटलं, मला परत विकत दे. इमोजीन म्हणाली, "अगं, तुला हवी तर घे बाई, पण हॉबर्टसकट घ्यावी लागेल." हॉबर्टनं हात घट्ट धरले खुर्चीचे. कॉफी पिऊन परत आले.

फोनवर खरं सांगावं तर तेही रेकॉर्ड होणार, म्हणजे आधीचं खोटं होतं हे मीच सिद्ध करून देणार. कॅप्लिंगरला सांगावं तर ती काय म्हणेल? एवढ्यातेवढ्याला घाबरणारी बाई मी नाही. बर्फाच्या उतारावर चाळीस पोरांची बस मी सरळ ठेवलीय.

२१ सप्टेंबर

अ‍ॅपल बटर केलं, सफरचंदाचा गर अख्खा दिवस ढवळत होते. बरण्यांचा फोटो पाठवला. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद लेखी गेलेत, कॅप्लिंगरनं आमची बाजू मला वाचून दाखवली. इतकी चांगली की डेल्मर मलाच नवा वाटला.

कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. कधी कधी मला भीती वाटते की तो येईल. पलंग माझा एकटीचा आहे. रेडिओ मला हवा तेवढा मोठा असतो. भिंत पिवळी आहे. मी इथं दुःखी नाही, हे त्याला कसं सांगायचं? तो खुर्चीकडे यायचं म्हणतो, माझ्याकडे यायचं म्हणत नाही असंही एखाद्या दिवशी वाटतं. मग तो फोनवर खोकतो आणि मला वाटतं, आज संध्याकाळीच आला तर बरं.

४ डिसेंबर

रिचमंडला जाऊन आले, रजा टाकून. तीन न्यायाधीश, आमच्या वाट्याला बोलायला एवढासा वेळ. कॅप्लिंगरनं तोंड उघडलं की ते मध्येच प्रश्न विचारत. मला वाटलं गेलं सगळं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, प्रश्न विचारतात तेच चांगलं. सरकारच्या वकिलाला त्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "माणसाला समोर न पाहता तो खोटारडा आहे हे कसं ठरवतात, मला समजावून सांगाल का?" तो खूप वेळ समजावत होता.

२० फेब्रुवारी

अपील जिंकलो. आधीचा निकाल रद्द, सुनावणी घ्या. कॅप्लिंगर फोनवर किंचाळली. मी बस रस्त्याकडेला लावून जरा रडले, मग पोरांना घरी सोडलं.

आता साक्ष. आता ते फोन.

मागच्या भेटीला गेले तेव्हा डेल्मरला पुन्हा सांगायला निघाले होते. म्हटलं, डेल्मर, त्या खुर्चीचं. तो म्हणाला, "आहे ना तिथंच?" आणि असा बघत राहिला, की जणू मी काय म्हणते याची त्याला मोठी गंमत वाटत होती. मी म्हटलं, हो. मला त्याचं ते बघणं कळलं नाही.

१५ मे

सुनावणी झाली.

डेल्मरला पायांत बेड्या घालून आणलं होतं. चौदा वर्षांनी आम्ही दोघं एका खोलीत होतो आणि मध्ये नाण्यांची पिशवी नव्हती. कॅप्लिंगरनं मला विचारलं, त्याला आठ वर्षांचं कळलं असतं तर त्यानं काय केलं असतं? मी म्हटलं, सही केली असती, आणि पेन परत द्यायचं विसरला असता.

मग सरकारी वकील ओसवॉल्ट उठला. गोड बोलणारा माणूस. त्यानं यंत्र सुरू केलं आणि भर कोर्टात माझाच आवाज आला. 'आहे तिथंच.' 'पुसतेस ना?' 'रोज.'

"ही कुठली खुर्ची, मिसेस स्टिडम?"

मी सांगितलं.

"ती तुमच्या घरात आहे?"

"नाही. हॉबर्ट क्रमच्या बुडाखाली आहे."

लोक हसले, तो हसला नाही. केव्हापासून, त्यानं विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे नवऱ्याला बरं वाटावं म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं सहज खोटं बोलता," तो म्हणाला.

"खुर्चीबद्दल," मी म्हटलं. "हो."

डेल्मरकडे बघायची हिंमत झाली नाही. कॅप्लिंगरचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, बाई, आठ वर्षं तू स्वतःच्या तोंडानं घालवलीस, प्रुइटसारखीच. खाली येऊन बसले.

मग डेल्मरला बोलावलं. कॅप्लिंगर बिचारी चाचपडत म्हणाली, ती खुर्ची नाही हे तुम्हाला आज कळलं का?

"नाही," डेल्मर म्हणाला. "चार नाताळ झाले."

तिनं विचारलं, कसं?

"ही फोटो पाठवते. कुत्र्याचे. खुर्चीच्या जागी गोधडी आली, तेव्हाच कळलं. मग भिंत पिवळी झाली. किटली लाल आली, तिचं झाकण दुसऱ्याच किटलीचं आहे. खिडकीच्या काचेला खाली उजवीकडे चीर आहे, तिला हिनं पट्टी लावलीय. टॉवेलची खुंटी दाराच्या डावीकडची उजवीकडे गेली. हिला वाटतं ती मला कुत्रा दाखवते."

ओसवॉल्ट उठू लागला, तर न्यायाधीशांनीच हात करून त्याला बसवलं. त्यांनी स्वतः विचारलं, "मग तुम्ही तिला बोलला का नाहीत?"

"ती सांगायची ते मला ऐकायला आवडायचं, साहेब."

"आणि हे सगळं तुम्ही पाठ का केलंत?"

"मला घरी जायचं होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. मी काही केलं नाही असं मी तुमच्यापुढे म्हटलं, कारण प्रुइट म्हणाला दुसरी वाटच नाही. मला कुणी आठ म्हटलं असतं, तर तुम्ही म्हणाल ते कबूल केलं असतं. केलंही होतंच मी ते."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि काही लिहिलं. बाहेर आल्यावर कॅप्लिंगर माझ्यावर आधी चिडली, मग गळ्यात पडली, मग पुन्हा चिडली.

म्हणजे तो पिवळा रंग. मी मूर्ख.

२ जून

शिक्षा रद्द. न्यायाधीशांनी लिहिलंय की दोघांवरही विश्वास बसला. सरकारनं आठ वर्षं पुन्हा समोर ठेवली, डेल्मरनं कबुली देऊन ती घेतली, आणि ती तर त्याची केव्हाच भोगून झाली. परवा आणायला जायचं. शाळेचा शेवटचा आठवडा आहे, बदली चालक मिळालाय.

घर आवरायला घेतलं आणि मग थांबले. काय लपवायचं राहिलंय?

४ जून

आला. दुसरं काही लिहिण्याआधी हे लिहून ठेवते.

मागच्या दारानं आला. बूट काढले. स्वयंपाकघरात उभा राहून त्यानं एकेक गोष्ट पाहिली, जणू हजेरी घेत होता. किटली, खुंटी, काचेची चीर. मेजरनं त्याला हुंगलं आणि गोधडीवर जागा करून दिली. डेल्मर भिंतीला टेकून खाली त्याच्या शेजारीच बसला. मी म्हटलं, अरे, स्टूल आहे. तो म्हणाला, इथंच बरं आहे, ऊन येतं.

मी शेगडीकडे वळले, बीन्स ढवळत होते. वळून पाहिलं तर तो माझ्याकडेच बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

मी विचारलं, काय झालं रे?

"काही नाही," तो म्हणाला. "हे सगळं मला पाठ होतं. फोटो तूच काढायचीस ना. तू कधीच नसायचीस त्यात."

मी गॅस बारीक केला आणि त्याच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले.